फ्रेंच टोस्टसाठी बिडाचा तवा: घ्यावा का?

सणाच्या सकाळी घरात माणसं जास्त आणि प्रत्येकाला फ्रेंच टोस्ट गरमच हवा, म्हणून हा १२ इंची बिडाचा तवा घेतला. मी बेहद्द खूश आहे. तापायला वेळ घेतो, मंद आचेवर चांगली ५-७ मिनिटं द्यावी लागतात. पण एकदा तापला की दूध-अंड्यात भिजलेले स्लाइस टाकले तरी लगेच गार पडत नाही. कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत, रंग सगळीकडे सारखा बदामी!

चार जाड स्लाइसना दोन अंडी, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ. ब्रेड आदल्या दिवशीचाच घ्या, ताज्याचा लगदा होतो. नुसतं लोणी करपतं, सोबत थोडं तेल हवंच. स्ट्रॉबेरीच्या फोडींना साखर लावून अर्धा तास ठेवली की इतका लालचुटूक रस सुटतो की वेगळं सिरप लागत नाही. केळ्याच्या चकत्या मात्र अगदी वाढताना, नाहीतर काळ्या पडतात.

तक्रार एकच, दांडा चटका बसेल इतका तापतो आणि कंपनीने साधं कापडी कव्हरही दिलेलं नाही. वजनही भरपूर आहे. मनगट दुखत असेल तर १० इंची घ्या.