मॅग्नेट्रॉन ‘नवा’ बसवला, ताकद मात्र निम्मी

आमच्या ९०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये दिवा लागायचा, थाळी फिरायची, पण अन्न गरम होत नव्हतं. नेटवर कंपनीच्या नावाने सापडलेल्या नंबरवरून एक मेकॅनिक आला. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, “ताई, मॅग्नेट्रॉन गेलाय. ओरिजिनल टाकतो, ३,८०० होतील, तीन महिने वॉरंटी.” मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा मुख्य भाग. जुना पार्ट कंपनीत जमा करावा लागतो म्हणून तो सोबत घेऊन गेला. गरम न होण्यामागे हाय-व्होल्टेज फ्यूज, डायोड किंवा दाराचा स्विचही असू शकतो. तो पार्टच हाती नसल्यामुळे आमचा मॅग्नेट्रॉन खरंच गेला होता का, हे आता कधीच कळणार नाही.

ओव्हन चालू झाला, पण सासूबाईंची फ्रिजमधली खिचडी कडेला कोमट आणि मधे गार राहू लागली. फोन केला तर उत्तर मिळालं, “तुमच्याकडे लाइट कमी येतेय.” व्होल्टेज घसरलं की मायक्रोवेव्हची ताकद कमी होते, हे खरं आहे, म्हणून तर ही थाप सहज पचते. आमच्या सॉकेटवर मीटर लावला तेव्हा २३२ व्होल्ट आले.

मग पाण्यावर तपासलं. काचेच्या भांड्यात १ लिटर गार पाणी घ्यायचं, तापमान मोजायचं, पूर्ण पॉवरवर बरोबर १ मिनिट ठेवायचं, ढवळून लगेच पुन्हा मोजायचं. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणलं की साधारण वॅट मिळतात. ९०० वॅटला १२-१३ अंश वाढायला हवेत. भांडं थोडी उष्णता खातं, म्हणून ११ आले तरी ठीक. आमच्याकडे जेमतेम ६ वाढले, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास.

ओळखीच्या दुसऱ्या तंत्रज्ञाने ओव्हन उघडून दाखवला. ‘नवा’ मॅग्नेट्रॉन जुनाच होता, टोकाची टोपी काळवंडलेली, बाहेरून फक्त पुसलेला. खरा संताप पुढचं पाहून आला. आतल्या स्टिकरवर कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, १ मायक्रोफॅरड क्षमतेचा लिहिला होता आणि बसवलेला होता ०.७ चा. हा कॅपॅसिटर सेकंदाला ५० वेळा भरतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या जोडीने मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्ट पुरवतो. तो लहान केला की दर वेळी कमी विद्युतभार जातो, करंट घटतो आणि ताकदही. तंत्रज्ञ म्हणाले, थकलेल्या मॅग्नेट्रॉनवर ताण कमी पडावा आणि वॉरंटीचे तीन महिने निघावेत, यासाठीच ही युक्ती. पैसे पूर्ण घ्यायचे आणि मशीनची ताकद गुपचूप कापायची, ही सरळ लबाडी आहे.

असा संशय आला तर पाण्याची चाचणी घरी करा, पण ओव्हन स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. दुरुस्तीला देताना कंपनीचा नंबर मशीनसोबतच्या पुस्तिकेतून घ्या, नवा पार्ट डब्यातून आपल्यासमोर काढायला लावा आणि जुना पार्ट ठेवून घ्या. कॅपॅसिटर बदलला असेल तर त्यावरचा आकडा स्टिकरशी ताडून दाखवायला सांगा.

त्या माणसाने बिल दिलं नव्हतं. यूपीआयची पावती आणि कॅपॅसिटरचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. त्याचा नंबर आता बंद लागतो.