पोराच्या पहिल्या रेसिंग बाइकच्या नावावर माझे १,३१,३०० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

रक्कम आधी सांगतो, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कोणी समजू नये. बुकिंगचे १५,०००. उरलेले १,०३,०००. लाकडी पेटी आणि वाहतूक ७,५००. "कागद तुमच्या नावावर करायचे" म्हणून ४,०००. वरून ट्रान्सपोर्टच्या गोदामापासून गावापर्यंत टेम्पोवाल्याला १,८००. एकूण १,३१,३००. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) २०२४-२५ च्या ७,५२१ च्या हमीभावानं सतरा क्विंटलच्या वर कापूस होतो हा. वेचणीची मजुरी अजून त्यात धरलेली नाही.

गावात ज्याला कळलं तो एकच बोलतो, "शेतकऱ्याच्या पोराले कायले पाहिजे रेसिंगची गाडी?" मला याचा राग येतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून मोटारसायकली उडवायच्या रेसची, पहिली फेरी झाली, ती माझ्या साळ्यानं पोराला दाखवली. तेव्हापासून तो सायकल धुऱ्यावरून उडवतो. पऱ्हाटी उपटल्यावर आमचं वावर चार महिने रिकामं असतं, मातीचे उंचवटे करायला जागा आहे, रस्त्यावर जायची गरज नाही. पुण्या-नाशिकची पोरं सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात करतात. यवतमाळ-वाशीमच्या सीमेवरच्या पोरानं केली तर काय बिघडलं?

आणि मी डोळे मिटून घ्यायला निघालो नव्हतो. नवी कावासाकी केएक्स ६५ पाहिली, तीन लाखांच्या वर, शिवाय हातानं दाबायचा क्लच आणि सहा गिअर. पहिल्यांदा बसणाऱ्या पोराला ती झेपत नाही. केटीएमची ५० सीसी विचारली, तिला हाताचा क्लच आणि गिअर नाहीत, पण ती रेस जिंकायला बनवलेली, शिकायला नाही. सगळीकडून एकच नाव आलं, यामाहा पीडब्ल्यू ५०. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तीच गाडी, फारसा बदल न होता. टू-स्ट्रोक, गिअर नाही, सीट जमिनीपासून ४८ सेंटीमीटरच्या आसपास, वजन साधारण चाळीस किलो. अ‍ॅक्सिलरेटरपाशी एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की पोरगा कितीही पिळो, गाडी ठरावीक वेगाच्या वर जात नाही. कंपनी ती पंचवीस किलोपर्यंतच्या मुलांसाठी सांगते. माझा पोरगा एकोणीस किलोचा. सगळं बसत होतं. आपल्याकडे ती मिळते बाहेरून आणलेली, तीही बहुतेक जुनी. म्हणून जुनीच शोधत होतो.

जाहिरात मोबाइलवर आली, विकणारा पुण्याचा. फोटो सहा, सहाही फोटोंत खरी पीडब्ल्यू. १,४५,००० सांगितले, १,१८,००० वर आला. बोलायला गोड. "दादा, माझा मुलगा मोठा झाला, त्याला आता ६५ घेतली, ही चांगल्या घरात जावी एवढीच इच्छा." पोराची उंची विचारली, वजन विचारलं, पायाचं माप घ्यायला लावलं. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याचा विश्वास बसला असता. चोर असा पोराच्या पायाचं माप विचारतो का?

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही.

बुकिंगचे पैसे गेल्यावर मी व्हिडिओ कॉल करायला लावला. गाडी हिरव्या पत्र्याच्या शेडसमोर उभी, इंजिन आधीच सुरू. मी म्हटलं, बंद करून परत सुरू करून दाखवा. तो म्हणाला, "गरम आहे दादा, आता बंद केली तर प्लग ओला होईल." मग त्यानं मोबाइल गाडीभोवती फिरवला. पुढचं चाक, टाकी, सीट, आणि मागच्या चाकापाशी एक क्षण, एकच क्षण, एक बारीक चेन दिसली. सायकलच्या चेनीपेक्षाही बारीक, काळ्या ग्रीसनं माखलेली.

पीडब्ल्यू ५० ला चेन नसते. तिला शाफ्ट असतो, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत बंद नळीतून. लहान पोरांची बोटं अडकू नयेत म्हणून तर ती गाडी पहिली गाडी म्हणून सांगतात. हे मला माहीत होतं. मी वाचलं होतं. आणि मी गप्प बसलो नाही, हे लक्षात घ्या, मी विचारलं. "भाऊ, याला शाफ्ट पाहिजे ना?" तो एका सेकंदाचाही विचार न करता म्हणाला, "दादा, ही रेससाठी बदललेली आहे. शाफ्टमध्ये पॉवर जाते, म्हणून चेन टाकून घेतली. खर्च केलाय मी." आमच्या पाच तालुक्यांत कोणी पीडब्ल्यू पाहिलेली नाही. कोणाला विचारणार होतो मी? बुलेटच्या मेकॅनिकला? सहा फोटोंत शाफ्ट आणि व्हिडिओत चेन, म्हणजे फोटोतली गाडी एक आणि समोरची दुसरी, हे आज डोळ्यासमोर लख्ख दिसतं. त्या वेळी त्याच्या उत्तरात दम वाटला. खोटं बोलणाऱ्यापाशी उत्तर तयार असतं, तेच त्याचं भांडवल.

फोटो आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. एक नटही वेगळा दिसला तर पैसे थांबवा.

पीडब्ल्यूला पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात, त्या गाडीला दोन्हीकडे डिस्क होती. पीडब्ल्यूला ऑइलची वेगळी टाकी असते, पेट्रोलमध्ये ऑइल आपोआप मिसळतं. त्यानं मला सांगितलं, "एक लिटर पेट्रोलला चाळीस मिली टू-टी ऑइल टाकून हलवायचं." हेही मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं! पण तो शिकवत होता आणि मी शिकत होतो, शिकवणाऱ्यावर संशय घ्यायचं वळण आपल्याला नाही.

१,०३,००० यूपीआयनं एका दिवसात जाईनात, म्हणून बँकेत जाऊन एनईएफटी केलं. खातं दुसऱ्याच नावावर. "भावाचं आहे, माझ्या खात्यावर लोनचं होल्ड आहे." खात्यावरचं नाव आणि माणसाचं नाव वेगळं असेल तर तिथूनच परत फिरा, कारण काही असो.

मग पेटी निघाली, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला. तो मी मोठा करून वाचला असता तर शेवटचे ४,००० तरी वाचले असते. बिल्टीवर लिहिलं होतं: "खेळणी, जुनी. मूल्य ५,०००. वजन ३४ किलो." पेटीसकट चौतीस किलो! नुसती पीडब्ल्यू चाळीसच्या घरात भरते. पण कोणता बाप ट्रान्सपोर्टची बिल्टी वाचतो, पोरगा रोज विचारत असताना, "बाबा, कुठवर आली?"

गोदामात आधी सही मागितली, "माल सुस्थितीत मिळाला" यावर. पेटी उघडल्याशिवाय सही करू नका. हमाल घाई करतात, मागे ट्रक हॉर्न वाजवतो, तरी करू नका. त्या सहीचा कागद आज माझ्या गळ्यात अडकला आहे.

घरी पेटी फोडली. निळ्या रंगाचा वास अजून येत होता. यामाहाचं स्टिकर एका कोपऱ्यातून उचललं तर खाली दुसऱ्याच नावाचं अर्धं खरवडलेलं स्टिकर. सुरू करायला किक नाही, दोरी. शेजारच्या गावचा मेकॅनिक आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे कायची यामाहा? हे त चायनाची हाये. फवारणीच्या पंपासारखी दोरी ओढा लागते न हिले." अशी गाडी नवी कोरी ऑनलाइन तीस-पस्तीस हजारांच्या आसपास मिळते. मला जुनी, रंगवलेली, पावणेचारपट पैशांत मिळाली.

पैशाचं एक वेळ सोडा. पोराला बसवण्याआधी मी ती विटांवर चढवली, मागचं चाक अधांतरी ठेवलं, दोरी ओढली. इंजिन लागलं आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर आत अडकली. आवाज चढतच गेला. बंद करायचं बटण दाबलं, त्याची वायर जोडलेलीच नव्हती. चेन उडाली आणि माझ्या उजव्या हाताचं चामडं मनगटापासून अंगठ्यापर्यंत सोलून गेली. पोरगा हेल्मेट घालून शेजारी उभा होता, त्याच्या पाळीची वाट बघत. दोन मिनिटं नंतर तो त्यावर असता. हे मी त्या माणसाला माफ करणार नाही.

म्हणून गाडी कोणतीही घ्या, पोराला बसवण्याआधी चाक उचलून चालवा, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जागेवर येतो का पाहा, बंद करायचं बटण दहादा दाबून पाहा. मनगटाला दोरी बांधून ओढली की इंजिन बंद होतं, तसलं बटण वेगळं मिळतं, ते बसवा.

आता पोलीस. ठाण्यात गेलो, हाताला पट्टी. समोरच्यानं अर्ज अर्धा वाचला आणि म्हणाला, "सहा वर्षांच्या पोराले गाडी? पह्यले तुमच्यावरच केस करा लागते." मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ मला सांगितलं, पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. अहो, ते सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवल्यावर! ही गाडी रस्त्याची नाही, हिला आरसी नसते, नंबर नसतो, ती माझ्या वावराच्या बाहेर जाणार नव्हती. ऐकून कोण घेतं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक, चौथ्या पोटकलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा, हे मी छापून नेलं होतं. कागदाकडे पाहिलंही नाही. "पैसे पुण्याले गेले, पुण्यात तक्रार करा." गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. तिथे उत्तर मिळालं, "कायदा तुम्ही शिकवा आता आम्हाले." अर्जावर शिक्का मारून हातात दिला. एफआयआर नाही.

जिल्ह्याला सायबरवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, माल मिळाला ना, मग हा सायबर गुन्हा नाही, व्यवहाराचा वाद आहे. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, पण पैसे जाऊन आठवडे झाले होते, खात्यात काय उरणार? पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत १९३० लावला तर रक्कम अडवता येण्याची आशा जास्त असते. पण मला पहिल्या तासात कसं कळणार, पेटी यायला वेळ लागला! बँकेत मॅनेजर म्हणाले, "तुम्ही स्वतः सही करून पाठवलेत." आरटीओत विचारलं, निदान फ्रेम नंबरवरून कुठली गाडी ते लिहून द्या. "याची नोंदच होत नाही, आम्ही काय लिहून देऊ?" पोलीस सायबरकडे, सायबर ग्राहक आयोगाकडे, बँक पोलिसांकडे. प्रत्येक खिडकीवर माझी बिल्टी पाहून एकच वाक्य, "यात तर खेळणी लिहिलंय, पाच हजारांचं." हाच पुरावा आहे साहेब, वजन बघा, चौतीस किलो बघा, असं म्हणून म्हणून माझा घसा बसला. शेतकरी ओरडतो म्हणून ऐकायचं नाही, आणि नाही ओरडला तर खिडकीच उघडत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही होते. तिथला कारकून हा एकच माणूस असा निघाला ज्यानं मला बसायला खुर्ची दिली. पण नोटीस परत आली, "या पत्त्यावर नाही." आणि वकील म्हणतात, समोरचा घरगुती विक्रेता ठरला तर केस टिकणार नाही, तो धंदाच करतो हे दाखवावं लागेल.

फ्रेम नंबर मागाच. बहुतेक सतरा अक्षरी असतो. पहिलं अक्षर एल असेल तर गाडी चीनमध्ये बनलेली. केटीएम म्हणून विकत असतील तर ऑस्ट्रियाच्या गाडीचा नंबर व्हीबीके नं सुरू होतो. बाहेरून आणलेली म्हणत असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, दाखवायला सांगा. जीएसटीचं बिल नसेल तर एक रुपया देऊ नका. इंजिनाला हात लावून गार आहे का बघा, मगच सुरू करायला सांगा. पोराला सोबत न्या, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का पाहा, वाढत्या अंगाची गाडी घेऊ नका. वजनकाटा न्या, टेप न्या. लाजू नका. पुण्याचं भाडं माझ्या १,३१,३०० पेक्षा कमीच होतं, पण तेव्हा हरभऱ्याची सोंगणी चालू होती आणि घरात करणारा मी एकटा.

त्याचा धंदा आहे हे सिद्ध करायला मला दुसरा ग्राहक पाहिजे. हिरव्या पत्र्याची शेड, उजव्या कोपऱ्यात पांढरा पाण्याचा ड्रम, गाडी नेहमी आधीच सुरू, आणि "माझा मुलगा मोठा झाला" ही सुरुवात. असा व्हिडिओ तुम्हाला आला असेल, पैसे दिले असोत की नसोत, मला कळवा. बिल्टी जपून ठेवा आणि स्क्रीनशॉट पुसू नका. पुढची तारीख लागायच्या आत दोन जण जरी मिळाले तरी वकील म्हणतात अर्ज एकत्र करता येईल.