उन्हाळ्यात लिपो ठेवायच्या कुठे: फ्रीजमध्ये की पत्र्याच्या पेटीत?

मार्च सरत आला की आमच्या अकोल्यातल्या घरात माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक कूलर, दुसऱ्या माझ्या लिपो, म्हणजे रिमोटवर उडवायच्या मॉडेलांच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या. कूलरला नव्या ताट्या लावल्या की त्याचं भागतं. लिपोंचं भागत नाही. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर या पॅकचं करायचं काय, हा प्रश्न आठ-दहा पॅक बाळगणाऱ्या प्रत्येकाला पडतो, आणि फिरून फिरून दोनच उत्तरं समोर येतात: फ्रीज, नाहीतर पत्र्याची पेटी. मी दोन्ही करून बसलोय. दोन उन्हाळे फ्रीज, त्यानंतर पेटी.

कुठे ठेवायच्या याच्या आधी किती भरून ठेवायच्या ते बघू. साठवताना सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धी भरलेली (यालाच स्टोरेज म्हणतात), हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरीही शनिवारी रात्री भरलेले पॅक रविवारी वारा सुटला म्हणून तसेच पडून राहतात. मग आठवडा जातो, मग लग्नसराई. लिथियम-आयनसाठी एक तक्ता नेहमी दिला जातो: ४० टक्के भरून वर्षभर ठेवलेली बॅटरी २५ अंशांना ९६ टक्के क्षमता राखते, ४० अंशांना ८५ टक्के. तीच पूर्ण भरून ठेवली तर २५ अंशांना ८० आणि ४० अंशांना ६५. हे आकडे तुमच्या-माझ्या पॅकला तंतोतंत लागू होतील असं नाही, पण त्यातली एक गंमत बघा. थंड खोलीत भरून ठेवलेली बॅटरी तापलेल्या खोलीत अर्धी ठेवलेल्या बॅटरीपेक्षा जास्त मरते. म्हणजे फ्रीज-पेटीच्या वादाआधी निम्मा निकाल चार्जरवरच लागलेला असतो.

अडचण इतकीच की साधे चार्जर बॅटरी उतरवायला फार वेळ लावतात. पाच वॅटच्या चार्जरवर थ्री-एस (म्हणजे तीन सेलचा) ५२०० एमएएचचा भरलेला पॅक स्टोरेजला आणायचा तर पाच-सहा तास सहज जातात. मी थ्री-एससाठी गाडीचा १२ व्होल्टचा २१ वॅटवाला बल्ब वापरतो, बॅलन्स प्लगला, म्हणजे प्रत्येक सेलची तार येते त्या छोट्या प्लगला, व्होल्टेज उतरलं की वाजणारा अलार्म लावून. अलार्म न लावता बल्ब जोडून जेवायला बसू नका. त्यात एक पॅक गेलाय माझा.

माळा, गच्चीवरची खोली आणि गाडीची डिकी यांचा विचारच नको. स्लॅब दिवसभर पितो ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत ओकत असतो, आणि माळा त्याला चिकटलेला. ओल्या फडक्याच्या माठात ठेवायची कल्पना मलाही सुचली होती. गारवा मिळतो खरा, पण ओलाव्यासकट, म्हणून ती तिथेच सोडली. लिपो बॅग चार्जिंगच्या वेळी हाताशी असावी, पण साठवण म्हणून तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. ती काचतंतूची पिशवी आग थोडी आवरते, ऊन मुळीच आवरत नाही.

आता फ्रीज. त्याची बाजू दुबळी नाही, उलट निव्वळ बॅटरीच्या आयुष्यापुरतं बोलायचं तर तोच वरचढ आहे. आतल्या फळीवर चार-पाच अंश असतात, बाहेर ४५ असो की ४७. दुपारी दोन तास लाइट गेली तरी दार बंद असेल तर आत फारसा फरक पडत नाही. मी पॅक स्टोरेजला आणायचो, एक्सटी-६० ला, म्हणजे पॅकच्या मुख्य प्लगला, टोपी, प्रत्येक पॅक वेगळ्या झिप पिशवीत, हवा दाबून काढलेली, आणि सगळ्या पिशव्या एका झाकणाच्या डब्यात मधल्या फळीवर. भाजीच्या कप्प्यात ओल जास्त, दाराच्या कप्प्यात तापमान सारखं वरखाली, आणि फ्रीजरच्या वाटेला तर जाऊच नये. एकाच वेळी घेतलेले दोन फोर-एस १५०० माझ्याकडे होते. एक फ्रीजमध्ये ठेवला, दुसरा खालच्या खोलीत. दोन उन्हाळ्यांनंतर फ्रीजवाल्याला हाताला थोडी जास्त ताकद जाणवायची, थ्रॉटल दाबला की दम लवकर तुटायचा नाही. पण घड्याळ लावून बघितलं तर फरक वीसेक सेकंदांचा. पाच मिनिटांच्या उड्डाणात वीस सेकंद. तिसरा एक पॅक मी भरलेला माळ्यावर विसरलो होतो, तो उशीसारखा फुगून निघाला. या तिघांवरून मी काय ते शिकलो. कुणी याला प्रयोग म्हणू नये.

मग फ्रीज का सोडला? घामामुळे. माझ्या नव्हे, बॅटरीच्या.

मे महिन्यात आमच्याकडे उडवायला वेळ मिळतो तो पहाटे साडेपाच ते आठ. नंतर वारा उठतो, मोटारी तापतात आणि आपणही. आता फ्रीजमधला पॅक काढून लगेच चार्ज करता येत नाही. गार सेल चार्ज करणं सेलला बाधतं, आणि गार पॅक उडवला तर व्होल्टेज धपकन बसतं. त्यामुळे आदल्या रात्री काढायचा, पिशवी न उघडता तसाच राहू द्यायचा, खोलीइतका कोमट झाला की मगच पिशवी उघडायची. मी हातानं नाही, गालाला लावून बघायचो. गालाला गार लागला तर अजून थांबायचं.

हे सगळं नियमात बसवलं तर चालतं. पण छंद नियमात बसत नाही. रात्री साडेदहाला मित्राचा फोन येतो, "उद्या वारा नाही म्हणतात, ये शेताकडे." तेव्हा पॅक काढले तर चार्ज कधी करणार? एकदा मी घाईनं अर्ध्या तासातच पिशव्या फाडल्या. खोलीत कूलर चालू होता. बघता बघता पॅकवर दव धरलं, पाण्याच्या पेल्यावर धरतं तसं. वेष्टण पुसून काढता येतं. पण बॅलन्स लीडचा तो पांढरा जेएसटी प्लग, त्याच्या पाच बारीक भोकांमध्ये शिरलेलं पाणी कुठल्या फडक्यानं पुसणार?

मला वाटायचं, विदर्भातली हवा मेमध्ये इतकी कोरडी की ओले कपडे अर्ध्या तासात कडक होतात, इथे दव कसलं? बाहेरच्या हवेपुरतं ते बरोबरही आहे. पण आपण बॅटरी काढतो ती कूलरच्या खोलीत. कूलर गारवा देतो तो पाणी हवेत मिसळूनच, त्यामुळे त्या खोलीत पाच अंशांच्या वस्तूला घाम फुटणारच. आणि बॅलन्स प्लगच्या पिनांमध्ये कायम व्होल्टेज असतं. शेजारच्या दोन पिनांमध्ये चार व्होल्ट आणि मध्ये पाण्याचा थेंब, म्हणजे तांबं खायची उत्तम सोय.

जूनमध्ये चार्जर त्या पॅकवर बॅलन्सची चूक दाखवायला लागला. तिसऱ्या सेलचा आकडा थोडं हलवलं की बदलायचा, आणि तो वाढला की शेजारच्याचा कमी व्हायचा. मी आधी चार्जरलाच शिव्या दिल्या. मग मोबाइलच्या टॉर्चखाली भिंग धरून बघितलं. मधल्या पिनेवर हिरवट पूड बसली होती, पितळी देवांवर चढते तशी. पॅक ठणठणीत, पण प्लग कामातून गेलेला. नवा प्लग लावणं म्हणजे जिवंत पॅकच्या पाच तारा एकेक करून कापणं, एकीला दुसरी लागू न देता. तो अर्धा तास मी श्वास रोखून बसलो होतो. अशी पाळी वर्षात दोनदा आली आणि माझं मन फ्रीजवरून उडालं. ज्याचं वेळापत्रक पक्कं असतं त्याला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

फ्रीजबद्दल आणखी एक खुटखुट होती, तीही सांगतो. हलका फुगलेला पॅक थंडीत आकसून शहाण्यासारखा चपटा दिसतो. बाहेर उन्हात गेला की खरं रूप दाखवतो. मला दोष लपवणारी जागा नको होती. शिवाय हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, जो पेट घेणारा वायू आहे. स्टोरेजला ठेवलेला धडधाकट पॅक थंडीत आपोआप पेटण्याची शक्यता अगदी थोडी, हे मान्य. पण जिथे दूध आणि लोणचं आहे तिथे ती थोडीही मला नको वाटली.

पेटी म्हणजे शाळेच्या वसतिगृहात नेतात तसली पत्र्याची ट्रंक, बाजारातून घेतलेली. तळाला आणि बाजूंना फायबर सिमेंट शीटचे तुकडे, मध्ये त्याच शीटचे आडवे पडदे म्हणजे एक पेटला तर शेजारी लगेच पेटणार नाही. मागच्या बाजूला झाकणाच्या खाली बोटाएवढी चार भोकं. ही भोकं सोडू नका. लष्करी दारूगोळ्याचा रबरी गॅस्केटचा डबा कुणी दिला तर तो घ्या, पण गॅस्केट काढून टाका. बंद डब्यात पॅकनं वायू सोडला तर तुम्ही बॉम्ब बनवलात असं समजा. त्याच कारणानं ट्रंकेला कुलूप नाही, नुसती कडी, तीही सैल. पॅकवर वाळू भरलेल्या साध्या प्लास्टिक पिशव्या ठेवल्यात. खाली जाळ झाला तर पिशवी वितळते आणि वाळू आपोआप पडते. धूर मात्र पेटी अडवत नाही, म्हणून ती झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको.

उन्हाचं काय? पेटी स्वतः गार करत नाही, ही तिची कमजोरी उघड आहे. सगळा खेळ जागेचा. आमच्या जुन्या घरात तळमजल्याला उत्तरेकडे एक खोली आहे, खाली शहाबादी फरशी. मेच्या दुपारीही तिथे अनवाणी उभं राहिलं की तळपायाला गार वाटतं. पेटी थेट फरशीवर, भिंतीपासून वीतभर लांब, गॅस सिलिंडर आणि पडद्यांपासून दूर. दुपारी कूलर चालू असेल तेव्हा पेटीतला पॅक हाताला ना गार ना गरम लागतो. ओलसर हवेचा इथे त्रास नाही, कारण पॅक खोलीइतकाच कोमट असतो, त्याला घाम कशाला फुटेल? लाइट गेली की खोली तापते, पण दगड, सिमेंट आणि वाळू मिळून आतला पॅक तापायला बराच वेळ घेतो. संध्याकाळी मी कूलरकडे पळतो, पॅककडे नाही.

आणि मुख्य म्हणजे पहाटे चारला उठून पॅक सरळ चार्जरला लावता येतो. गालाला लावायची गरज नाही.

तुमचं घर कसं आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. ठाणे-रत्नागिरीकडे राहत असाल तर माझ्या मते फ्रीजचा विषयच काढू नका. तिथे ऊन आमच्याइतकं नाही आणि दव आमच्या दसपट. सावलीतली पेटी पुरते. पुण्यात तर बहुधा नुसती शिस्तच पुरेल. अकोला, जळगाव, चंद्रपूर इथे तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली, एसीविना राहणाऱ्याला मात्र गार फरशी मिळणार नाही. त्यानं फ्रीज वापरावा, मी नाही म्हणणार नाही. फक्त प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि कितीही घाई असली तरी पिशवी लवकर फाडू नये.

महिना-दोन महिने हात लागणारच नाही असा पॅक असेल तर फ्रीजची काढ-घाल संपते आणि माझी तक्रारही. माझा एक मोठा सिक्स-एस आत्ताही तिथेच आहे, लोणच्याच्या बरणीमागे, दोन पिशव्यांत गुंडाळलेला. ग्लायडरचा मोडलेला पंख चिकटेपर्यंत त्याला हलवणार नाही.