स्कीमचे रिकर्शनचे एक्सरसाइज इमॅक्स लिस्पमध्ये: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मी फोंड्यात अकाउंट्सची कामं करतो, प्रोग्रॅमिंग निव्वळ हौस. स्कीम या लिस्प घराण्यातल्या भाषेचे रिकर्शनचे (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याचे) एक्सरसाइज गेल्या पावसाळ्यापासून इमॅक्स लिस्पमध्ये, म्हणजे इमॅक्स या एडिटरच्या स्वतःच्या भाषेत करतोय, कारण इमॅक्स लॅपटॉपवर आधीच होतं आणि आमच्याकडे पाऊस लागला की लाईट जाते, पाठोपाठ नेट, पण मॅन्युअल इमॅक्सच्या आतच असतं, कंट्रोल-एच एफ दाबून फंक्शनचं नाव दिलं की माहिती समोर.

फंक्शन लिहिताना डिफाइनच्या जागी डीफन, अटींच्या शेवटी एल्सच्या जागी टी, हे पटकन हातात बसतं. खरी गंमत निलची, म्हणजे ‘काही नाही’ या किमतीची. स्कीममध्ये रिकामी लिस्ट वेगळी, फॉल्स वेगळं, इथे दोन्ही एकच, आणि निलचा कडर (पहिला घटक सोडून उरलेली लिस्ट) मागितला तरी निलच मिळतो. म्हणजे लिस्ट संपली का हे विचारायचं राहिलं तर स्कीम तिथल्या तिथे एरर देतं, इमॅक्स मात्र निलचा कडर, त्याचा कडर करत खोल खोल जातं आणि शेवटी नेस्टिंग फार झालं म्हणून ओरडतं, मग नवीन माणूस खोलीची मर्यादा वाढवत बसतो आणि चूक असते भलतीकडेच.

तसंच अ‍ॅटमचं, म्हणजे आणखी तुकडे न होणाऱ्या सुट्या घटकाचं. स्कीममध्ये अ‍ॅटम आहे का हे तपासणारं फंक्शन आपणच लिहायचं असतं आणि त्यात सहसा रिकामी लिस्ट धरत नाहीत, इथे निल हासुद्धा अ‍ॅटमच. समजा लिस्टमध्ये पाव आहे, आणि आतल्या लिस्टमध्ये भाजी आणि चहा. अ‍ॅटम मोजा म्हटलं तर उत्तर ३. पण अ‍ॅटम आहे का हे आधी विचारलं आणि निल नंतर, तर इथे ५ येतं, कारण दोन्ही लिस्टांची शेपटं, म्हणजे शेवटचे निलही, मोजली जातात. निल आधी विचारा, विषय संपला.

फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून पाठवायची वेळ आली की फनकॉल (हातात आलेलं फंक्शन चालवणारी आज्ञा) लागतो, कारण इथे फंक्शनची नावं आणि व्हेरिएबलची नावं वेगळ्या खात्यात. फंक्शनमधून फंक्शन परत करायचं असेल तर फाइलच्या पहिल्या ओळीत लेक्सिकल बाइंडिंग (आतल्या फंक्शनला बाहेरची व्हेरिएबल लक्षात राहण्याची सोय) चालू केलंय ना बघा, नाहीतर स्क्रॅच या इमॅक्सच्या कच्च्या पानावर छान चाललेला कोड फाइलमधून लोड केला की व्हेरिएबलच सापडत नाही म्हणतो (वैताग आहे नुसता). आणि लेंग्थ किंवा मेंबर यांसारखी आधीच असलेली फंक्शन्स स्वतः लिहाल तेव्हा नावापुढे काहीतरी जोडा. कॉमन लिस्प या दुसऱ्या लिस्पचं एसबीसीएल अशा वेळी पॅकेज लॉक (मूळ नावांवरचं कुलूप) दाखवून अडवतं, इमॅक्स गुपचूप स्वतःचं फंक्शन बदलू देतं.

सगळ्यात जास्त खटकलं ते टेल कॉल, म्हणजे फंक्शनने शेवटचं काम म्हणून केलेला कॉल. स्कीमच्या स्टँडर्डमध्येच आहे की टेल रिकर्शनने स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कॉलची नोंद ठेवणारी जागा) वाढता कामा नये. इथे साध्या डीफनला ती सोय नाही, खोलीची मर्यादा १६००, पूर्वी ८०० होती, आणि एका रिकर्शनमध्ये ती एकाहून जास्त पायऱ्या खाते, त्यामुळे हजार आकड्यांची बेरीजसुद्धा पूर्ण होत नाही, अ‍ॅक्युम्युलेटर (आतापर्यंतची बेरीज पुढे नेणारं आर्ग्युमेंट) लावला तरी. इमॅक्स २८ पासून नेम्ड-लेट (नाव दिलेला, स्वतःलाच बोलावणारा कोडचा तुकडा) आलंय, त्यात टेल कॉलचा लूप होतो, पण ते वापरायचं तर एक्सरसाइजचा साचाच बदलावा लागतो.

माझं मत विचाराल तर लिस्ट आणि झाडांचे सुरुवातीचे एक्सरसाइज इथे बिनधास्त करा, कुठली गोष्ट रिकर्शनची आणि कुठली फक्त स्कीमची हे आपोआप वेगळं होतं. कंटिन्युएशनपर्यंत (प्रोग्रॅमचं पुढचं उरलेलं काम हातात धरून ठेवण्यापर्यंत) आलात की मात्र रॅकेट ही स्कीमच्या घराण्यातली भाषा टाका, त्यासाठी लागणारं कॉल-सीसी इमॅक्स लिस्पमध्ये नाहीच.