जळगावची केमिस्ट्री डेमो बॅच: पोराला अकरावीला टाकताय तर हे वाचा

भाऊ अकरावी सायन्सला आहे, त्याला जळगावातल्या एका छोट्या क्लासला टाकलंय, नाव इथे लिहीत नाही. रविवारच्या डेमो बॅचला पालकांना पण बसू देतात म्हणून मी गेले. माझं बीएस्सी केमिस्ट्री झालंय त्यामुळे जरा बारकाईनेच बघितलं. धडा अ‍ॅडसॉर्प्शन अँड कोलॉइड्सचा, म्हणजे सीईटीला येतो तोच. कोलॉइड म्हणजे कलिल, ज्यात अतिबारीक कण तळाला न बसता पसरून राहतात ते मिश्रण. त्याचे तीन प्रकार आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीन कॉलमचा तक्ता पाठ करून उरकतात. इथे तसं नाही झालं!

आधी हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पातळ द्रावणात थोडं डायल्यूट अ‍ॅसिड टाकलं, हळूहळू गंधकाचा दुधी गढूळपणा आला. गंधकाचा एस-८ रेणू एकटा फारच छोटा असतो, पण असे हजारभर किंवा जास्त रेणू व्हॅन डर वाल्स बलाने एकत्र आले की कण १ ते १००० नॅनोमीटरच्या मापात येतो, म्हणून हा मल्टिमॉलिक्युलर, म्हणजे अनेक रेणू मिळून झालेला. गोल्ड सोल (सोन्याच्या बारीक कणांचा कलिल) पण यातच.

मग सरांनी चक्क कुरडईचा चीक काढला. मला सगळ्यात आवडलं ते हेच, कारण कच्चा चीक पाण्यात ढवळला तर थोड्या वेळाने तळाला बसतो, तो कलिल नाहीच, पण तोच भरपूर पाण्यात उकळला की स्टार्चचे रेणू सुटे होतात आणि एकेक रेणूच एवढा मोठा असतो की गोळा व्हायची गरजच नाही. हा मॅक्रोमॉलिक्युलर, म्हणजे मोठ्या रेणूंचा. प्रोटीन, सेल्युलोज आणि माणसाने बनवलेलं नायलॉन पण इथेच बसतं. घरी दरवर्षी कुरडया करणाऱ्या पोरांना हे परत सांगावं लागणार नाही.

तिसरा असोसिएटेड, त्याला सोडियम लॉरिल सल्फेट (साबणासारखा फेस करणारा पदार्थ) घेतलं होतं. २५ अंशाला लिटरमागे साधारण ०.००८ मोलच्या खाली ते मिठासारखं साधं विरघळलेलं असतं, त्याच्या वर गेलं की रेणू पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत आणि पाण्यात रमणारी डोकी बाहेर करून गोळा होतात, त्या गोळ्यांना मिसेल म्हणतात, आणि पाणी वाढवलं की परत सुटतात. डिस्टिल्ड पाणी वापरलं हे फार बरं केलं, बोअरच्या क्षारांनी तो आकडाच हलला असता.

पण इथेच थोडं कमी पडलं. कलिलातून लेझर सोडला की कणांवर प्रकाश विखुरून रेघ दिसते, पण मिसेलमधली ती रेघ मुळातच पुसट असते, मागच्या बाकांवरून काहीच दिसत नव्हतं, खोलीत अंधार तरी करायचा ना. क्राफ्ट टेंपरेचर (ज्याच्या खाली मिसेल बनतच नाहीत ते तापमान) तर नुसतं फळ्यावर लिहून पुढे गेले, ग्लास बर्फात ठेवला असता तर स्फटिक खाली बसताना पोरांनी बघितलं असतं. नोट्स पण फक्त इंग्रजीत, मराठी मीडियममधून आलेल्यांना ते जड जातं.

तरी पाचपैकी चार स्टार. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी फोन करून डेमो कोणत्या रविवारी आहे ते विचारा आणि पोराला पुढच्या बाकावरच बसवा.