सरकार 'जाऊ नका' म्हणतंय अशा देशाची टूर: फोर्टातल्या टूरवाल्यांचा माझा अनुभव

इराणची टूर घ्यायची का आणि कोणाकडून, हे ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी गेले ते मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या पारशी अंकलच्या टूर ऑफिसमधून. नाव मुद्दाम टाकत नाही, दोघातिघांचं ऑफिस आहे, फोनचा भडिमार त्यांना झेपणार नाही, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला विचारा.

आधी हे समजून घ्या की इराण म्हणजे थायलंड नाही. ४ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी आपल्याला व्हिसा माफ केला होता, विमानाने गेलात तर १५ दिवस, सहा महिन्यांतून एकदा, आणि त्यामुळे गल्लोगल्लीचे एजंट इराण विकायला लागले. आम्ही एप्रिलचं बुकिंग केलं आणि १२ एप्रिलला परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की पुढची सूचना येईपर्यंत इराण आणि इस्रायलला जाऊ नका. त्याच संध्याकाळी अंकलचा स्वतःचा फोन, "मॅडम, गवर्न्मेंट नको बोलते तर आपण थांबू, पैसा परत पायजे की ठेवू?" बास, एवढंच. दुसऱ्या दिवशी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने ते एमएससी एरीज मालवाहू जहाज पकडलं, त्यावर १७ भारतीय होते, मग इराणची इस्रायलवर मिसाइलं. माझ्या ऑफिसातल्या एकीने दुसऱ्या एका टूरवाल्याकडे पैसे भरले होते, तो तिला शेवटपर्यंत "सूचना म्हणजे बंदी नव्हे, विमान उडतंय ना" असंच सांगत राहिला आणि अर्धे पैसे कापून घेतले. ती अजून भांडतेय.

तर तो बोलला ते तसं खोटं नव्हतं. विमानतळावर तुम्हाला कोणी अडवत नाही. पण अंकलने मला ऑफिसात बसवून इन्शुरन्सची पॉलिसी उघडून दाखवली, त्यात बारीक अक्षरात युद्ध वगळलेलं आणि सरकारने नको म्हटलेल्या ठिकाणी केलेला प्रवासही वगळलेला. म्हणजे तिथे पाय मोडला तरी बिल तुमचं. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मी वर्षानुवर्षं पॉलिसी घेऊन फिरतेय.

मग ऑक्टोबरची तयारी, तर १ ऑक्टोबरला परत मिसाइलं आणि लगेच 'अत्यावश्यक नसेल तर प्रवास टाळा'. शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये गेलो, ती ऑक्टोबरची सूचना डोक्यावर असतानाच. अंकलने प्रत्येकाकडून सही घेतली की सूचना वाचलीय, घरच्यांना माहितीय, इन्शुरन्स कुठे चालणार नाही ते कळलंय. आमच्यातल्या एका काकूंच्या यजमानांना हे आवडलं नाही, म्हणे हा स्वतःचा बचाव करतोय. मला उलट वाटलं, समोरचा माणूस मला मोठं समजून बोलतोय. दूतावासात नोंदणीही त्यांनीच करून घेतली, पाकिस्तान सीमेकडचा भाग कार्यक्रमात घ्यायलाच नकार दिला. आणि ज्या काकूंच्या मुलाकडे कॅनडाचा पासपोर्ट होता त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझे नियम वेगळे, तुला गाइडशिवाय तिथे फिरताच येत नाही.

पैशाचं लिहिते कारण तिथे खूप लोक फसतात. निर्बंधांमुळे आपलं व्हिसा कार्ड, मास्टरकार्ड काही म्हणजे काही चालत नाही, एटीएममध्ये पण नाही, सगळं कॅश न्यायचं, डॉलर किंवा युरो. बाजारात भाव तोमानमध्ये सांगतात आणि नोटेवर रियाल, एक तोमान म्हणजे १० रियाल, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक दुकानात डोक्याचं भजं होतं. अंकलने खिशात मावेल असं कार्ड छापून दिलं होतं, एका बाजूला तोमान एका बाजूला रुपये. इन्स्टाग्राम बंदच होतं, व्हॉट्सअ‍ॅप मात्र डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं होतं म्हणून घरी रोज बोलता आलं. टूरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, जातो (२०२५ मध्ये आमचा ५ टक्के गेला), तो रिटर्न भरताना मिळतो, त्याची पावती मागून घ्या, मला आठवण करून द्यावी लागली.

आता देशाबद्दल. किती लिहू. पर्सेपोलिसला, म्हणजे जुन्या इराणी राजांच्या राजधानीत, अपादाना नावाच्या दरबाराच्या पूर्वेच्या जिन्यावर राजाला नजराणे घेऊन येणाऱ्या तेवीस देशांच्या लोकांच्या रांगा कोरल्यात, आमची गाइड मुलगी मला हाताला धरून त्यातल्या एका रांगेपाशी घेऊन गेली. उघड्या अंगाचा, कमरेला धोतरासारखं नेसलेला, अनवाणी माणूस, आणि त्याच्या खांद्यावर चक्क कावड! दोन्ही टोकांना टोपल्या, त्यात छोटी भांडी, मागे गाढव. सिंधूकडची माणसं, सोन्याची पूड घेऊन आलेली असं मानतात. अडीच हजार वर्षं झाली आणि खांद्यावर कावड पेलायची ती पद्धत अगदी तीच, मी तिथून हलेचना.

यज़्दला अग्निमंदिर. मुंबईत लहानपणापासून अग्यारीवरून जातेयेते पण आत जायची आपल्याला परवानगी नाही, तिथे काचेपलीकडे अग्नी दिसतो, कोणालाही. तो इसवी सन ४७० पासून तेवता आहे असं सांगतात, इमारत १९३४ ची, इथल्या पारशी लोकांच्या पैशातून झालेली. आमच्यातल्या दादर पारशी कॉलनीतल्या दोघी बहिणी तिथे उभ्या राहून रडल्या, धाकटी म्हणाली आजी हे बघायचं म्हणत म्हणत गेली. अशा लोकांना 'अत्यावश्यक नसेल तर जाऊ नका' म्हणताना अत्यावश्यक काय ते कोण ठरवणार, हा प्रश्न मला पडलाच. तरी सरकार चुकलं असं मी म्हणणार नाही, पुढे काय झालं ते लिहितेच.

खाण्यात शाकाहारी लोकांचे हाल होतात असं ऐकलं होतं, तसं नाही झालं. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान, आश म्हणजे दाट सूप, गरम खड्यांवर भाजलेली संगक रोटी, आणि भाताची खरपूस खरवड. डोक्यावर स्कार्फ बायकांना लागतोच, तिथल्या कितीतरी मुली घेत नव्हत्या पण आम्ही पाहुण्या, आम्ही घेतला.

तक्रारी आहेत. इस्फहानचं हॉटेल आयत्या वेळी बदललं आणि नवीन हॉटेलला लिफ्ट नव्हती, गुडघेवाल्यांचे हाल झाले, त्यावर नुसतं सॉरी मिळालं. बसचा एसी यज़्दच्या रस्त्यावर दुपारभर बंद. ऑफिसवाले व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर देत नाहीत, फोनच करावा लागतो, तोही अकरानंतर.

पण पुढचं ऐका. त्यांची २०२५ च्या जूनची एक तुकडी ठरली होती, यज़्दजवळच्या पीर-ए-सब्ज़ या झरतुष्ट्री तीर्थाच्या यात्रेसाठी, ती यात्रा १४ ते १८ जूनला असते. १३ जूनला इस्रायलचा इराणवर हल्ला झाला आणि सगळी विमानं बंद. ती माणसं त्या दिवशी मुंबईत आपापल्या घरी होती, कारण बातम्यांमध्ये अमेरिका त्या भागातून आपली माणसं हलवतेय असं दिसल्यावर अंकलने आदल्या दिवशीच त्यांना थांबवलं होतं. मग ऑपरेशन सिंधू, आपल्या सरकारची तिथल्या भारतीयांना परत आणायची मोहीम, विद्यार्थ्यांना आर्मेनियामार्गे, मशहदहून आणलं, आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. अंकलच्या ऑफिसने विमानाचे पैसे स्वतःच्या खिशातून सोडले, विमान कंपनीने त्यांना पूर्ण परत दिले नव्हते, तरी प्रवाशांना दिले. हे मला त्या तुकडीतल्या एका बाईंनी सांगितलं, अंकल स्वतः बोलले नाहीत.

२२ नोव्हेंबर २०२५ पासून ती व्हिसामाफीही बंद झाली, नोकरीच्या आमिषाने लोकांना नेऊन तिथे डांबून खंडणी मागायच्या केसेस झाल्या म्हणून. त्यामुळे आत्ता कोणी "व्हिसा लागत नाही, चला" म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. मी मागच्या आठवड्यात ऑफिसात गेले होते, ते सध्या इराणचं बुकिंग घेत नाहीत, अ‍ॅडव्हान्सही नाही, वहीत फक्त नाव आणि नंबर लिहून ठेवतात. मी माझ्या आतेबहिणीचं नाव लिहून आलेय.