९० सेंटीमीटरचा मरीन टँक: आधी मासे, मग लिटर

मागे फिल्टरचा कप्पा असलेला, ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरचा हा टँक चांगला आहे. काच नितळ आहे, जोड सफाईदार आहेत, आणि पंप इतका शांत की रात्री शेजारच्या खुर्चीत बसलं तरी जाणवत नाही. पण तो विकला जातो ‘१८० लिटर’ या आकड्यावर, आणि समुद्री मासे त्या आकड्यावरून निवडले तर माशांचे हाल होतात. म्हणून मी हे परीक्षण माशांच्या बाजूने लिहितेय.

आधी हिशेब. १८० लिटर हे काच बाहेरून मोजून आलेलं माप. १० मिलिमीटरची काच, मागचा १२ सेंटीमीटरचा कप्पा, वर सोडलेली चार बोटं जागा, तळाची वाळू आणि चौदा किलो खडक वजा केले की पाणी उरतं १३० लिटरच्या आत-बाहेर. मिठावरून हे लगेच कळतं. खारटपणा हजारी ३५ भागांवर, म्हणजे १.०२५ च्या आसपासच्या विशिष्ट गुरुत्वावर आणायला मला पाच किलोपेक्षा कमी मीठ लागलं. खरोखर १८० लिटर असते तर सात किलोच्या जवळ गेलं असतं. पुढे कधी औषध द्यायची वेळ आली आणि खोक्यावरचा आकडा धरून मात्रा काढली, तर ती जवळजवळ दीडपट होईल.

या १३० मधलेही तीसेक लिटर मागच्या कप्प्यात पंप आणि स्किमरपाशी (फेसातून घाण काढणारं यंत्र) असतात. माशाला फिरायला मिळते ती ८८ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद पट्टी. या टँकचं खरं माप तेच.

आता खोक्यावरचं चित्र. त्यावर निळा टँग हा मासा छापलाय, आणि माझी या टँकबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. दुकानात हा मासा पाच-सहा सेंटीमीटरचा असतो, गोड दिसतो, पाहताक्षणी हवासा वाटतो. पूर्ण वाढल्यावर तो ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. म्हणजे स्वतःच्या अंगाच्या तिप्पट अंतर कापायच्या आधीच समोर काच येणार, आणि वळताना पट्टीची रुंदी त्याच्या लांबीएवढीच. प्रवाळखडकांवर दिवसभर लांब पल्ले मारणारा हा मासा आहे. ताण आला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला फार पटकन धरतो. ‘टँक लहान असला की मासा लहानच राहतो’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. वाढ खुंटणं ही कोंडून ठेवल्याची खूण आहे, त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. टँकसोबतच्या पुस्तिकेत ‘लिटरमागे इतके सेंटीमीटर मासे’ असा कोष्टकवजा नियम दिलाय, तोही सोडून द्या. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. त्याचं खाणं आणि घाण वजनाच्या मागे जातात, लांबीच्या नाही.

मग या पट्टीत राहणार कोण? मी जागा वाटून दिल्या. तळाला एक, कपारीत एक, मधल्या पाण्यात एक आणि वरच्या कोपऱ्यात जोडी. समुद्री मासे बहुतेक जागेवरून भांडतात, आणि त्यातही स्वतःसारख्या आकाराच्या, रंगाच्या, सवयीच्या माशाशी जास्त. चार जातींना चार वेगळे मजले दिले की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

तळाला पिवळा वॉचमन गोबी आहे, आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी. हा टँक घेणाऱ्या प्रत्येकाने ही जोडी ठेवावी असं मला मनापासून वाटतं. कोळंबीला नीट दिसत नाही. ती दिवसभर वाळू उपसून बीळ नीट करत असते आणि तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दारात पहारा देतो, धोका वाटला की शेपूट थरथरवतो, आणि दोघं आत. यासाठी वाळू पाच सेंटीमीटर तरी हवी, त्यात थोडे बारीक खडे मिसळलेले. खडक मात्र वाळूवर रचू नका. आधी तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू घाला. नाहीतर बीळ खोदता खोदता खडक ढासळतो. या टँकची ४५ सेंटीमीटर उंची इथे कामाला येते: हात तळापर्यंत सहज पोहोचतो. उंच टँकमध्ये असं काम करताना खांद्यापर्यंत भिजावं लागतं.

कपारीत रॉयल ग्रामा, कॅरिबियन समुद्रातला, पुढून जांभळा आणि मागून पिवळा. खडकाच्या पोटाशी तो उलटा पोहतो, तो आजारी नाही. विकत घेताना नीट बघा, कारण अगदी याच रंगांचा रॉयल डॉटीबॅक शेजारच्याच काचेत असू शकतो, आणि स्वभावाने तो अगदी वेगळा आहे. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो आणि पाठीच्या परावर पुढे एक काळा डाग असतो. डॉटीबॅकचे दोन रंग रेघ मारल्यासारखे तुटतात, आणि डाग नसतो. डॉटीबॅक या मापाच्या टँकमध्ये आला तर लाजाळू माशांना बाहेर पडू देणार नाही.

मधल्या पाण्यात फायरफिश. भित्रा, देखणा, प्रवाहात जागच्या जागी तरंगत येणारे कण टिपणारा. तो दचकला की उडी मारतो, आणि हा टँक झाकणाविना येतो! समुद्री टँक म्हणून विकताना झाकण देऊ नये, हे मला अजिबात पटलेलं नाही. चौकटीवर सहा मिलिमीटरची पारदर्शक जाळी ताणून बसवा. काचेचं पक्कं झाकण नको; पृष्ठभागावर हवा खेळती राहायला हवी, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. मागच्या कप्प्यात पाणी जाण्याच्या फटीही रुंद आहेत. लहान फायरफिश किंवा गोबी त्यातून आत जाऊ शकतो, तिथेही जाळीचा तुकडा लावून घ्या.

वरच्या कोपऱ्यात ऑसेलारिस क्लाउनची जोडी, टँकमध्येच जन्मलेली. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा अशी पिल्लं खाण्याला लवकर लागतात. क्लाउन सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, म्हणून एक थोडा मोठा आणि एक लहान असे घ्या. सारख्या आकाराचे दोन मोठे एकत्र सोडले तर मादी कोण होणार यावरून जुंपते. तिसरा क्लाउन नको. अॅनिमोन, म्हणजे क्लाउन ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री प्राणी, लागतोच असं नाही. नव्या टँकमध्ये तो तग धरत नाही आणि जागा बदलत पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतो.

सोडायचा क्रम माशांच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. आधी फायरफिश आणि गोबी, मग ग्रामा, शेवटी क्लाउन. आधी आलेला जागा बळकावतो, म्हणून भित्र्यांना आधी घर मिळू द्यायचं. आणि पहिल्या माशाच्याही आधी रिकाम्या टँकचं चक्र पूर्ण व्हायला हवं: जिवाणूंनी विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणं. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पुस्तिकेत पहिल्याच आठवड्यात मासे सोडा म्हटलंय. ते ऐकू नका. समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तेवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त असतो. चक्र सुरू करायला डॅमसेल हा काटक मासा सोडण्याची जुनी पद्धतही क्रूर आहे, शिवाय तो जगला तर पुढे सगळ्यांना मारत सुटतो. बाटलीतला अमोनिया मोजून घाला आणि टेस्ट किटवर तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर उतरेपर्यंत थांबा.

सिक्स-लाइन रास हा मासाही टाळा, कारण ग्रामाचंच काय, कुणाचंच त्याच्याशी पटणार नाही. लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो. मॅंडरिन जेमतेम सहा-सात सेंटीमीटरचा, त्यामुळे चालेलसं वाटतं. पण तो दिवसभर खडकावरचे जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत जगतो. चौदा किलो खडकावर ते त्याला पुरत नाहीत. दिवसभर टिपताना दिसत असूनही तो हळूहळू खंगत जातो. मासा लहान म्हणजे त्याची गरज लहान, असं नसतं.

टँकबद्दल आणखी एक उणीव. पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं, त्यामुळे रोज आरओच्या (गाळून शुद्ध केलेल्या) गोड्या पाण्याने भर घालावी लागते. उघड्या टँकमधून रोज लिटर-सव्वालिटर पाणी सहज जातं, म्हणजे खारटपणा दिवसाला जवळजवळ एक टक्का चढतो. भर घालण्यासाठी दिलेला कप्पा तीन लिटरचा आहे. दोन दिवस बाहेर राहिलात की संपला. वेगळी वीस लिटरची टाकी आणि आपोआप भर घालणारा पंप खर्चात धरूनच चला. स्टँडही कंपनीचाच घ्या. सगळं मिळून वजन दोनशे किलोच्या वर जातं.

फ्लेम एंजल किंवा कोरल ब्यूटी यांसारखा एंजल मासा हवा असेल, तर याच मालिकेतला १२० सेंटीमीटरचा टँक बघा. निळ्या टँगला तोही लहानच पडतो. आणि सहावा मासा? मी ठेवलेला नाही. खाऊ घातल्यावर ग्रामा कपारीच्या तोंडाशी येऊन जबडा फाकतो आणि क्लाउनना वीतभर दूर ठेवतो. तेवढं अंतर दोघांनाही पाळता येतं, कारण मधे जागा शिल्लक आहे.

टँकसोबत एक साधा चाळीस लिटरचा डबा, स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचे चार तुकडे जरूर घ्या. प्रत्येक नवा मासा आधी तिथे किमान चार आठवडे राहू दे. ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच देता येतं. मोठ्या टँकमध्ये ते घातलं की पिस्टल कोळंबी मरते.